सिनेमाचा शेवट आधीच कळला तर मजा खरंच जाते का?

(सूचना: या लेखात इतिहासावर आधारलेल्या काही चित्रपटांचे आणि १९९७ च्या 'गुप्त' या हिंदी चित्रपटाचा शेवट सांगितला आहे. 'सैराट' आणि 'दृश्यम २' यांचा शेवट सांगितलेला नाही.)

महाड औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा एखादा कामगार सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि मोबाईल उघडतो. शुक्रवारी लागलेला सिनेमा त्याने सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन पाहायचं ठरवलेलं असतं. पण पहिल्याच स्टेटसमध्ये कुणीतरी थिएटरच्या अंधारात घेतलेला शेवटचा प्रसंग टाकलेला असतो. हिरो जगतो की मरतो, हे पंधरा सेकंदात कळून जातं. आता चौघांच्या तिकिटांचे पैसे घालायचे की ओटीटीवर यायची वाट पाहायची?

हा प्रश्न पाळीत काम करणाऱ्या, गावाकडे राहणाऱ्या किंवा पहिल्या दिवशी पहिला शो पाहू न शकणाऱ्या प्रत्येकाचा आहे. शेवट कळला की मजा गेली, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उत्तर इतकं सोपं नाही. काही सिनेमांचं शेवट कळल्याने खरंच नुकसान होतं, तर काहींचा शेवट सगळ्यांना पाठ असूनही लोक रडत रडत बाहेर पडतात. यातला फरक समजून घ्यायला महाड-पोलादपूरचा परिसर फार उपयोगी आहे. इथल्या इतिहासावर निघालेल्या सिनेमांचा शेवट महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतो.

स्पॉयलर म्हणजे नेमकं काय?

एखाद्या कथेतली कळीची गोष्ट, विशेषतः शेवट किंवा अनपेक्षित वळण, ती कथा न पाहिलेल्या माणसाला आधीच सांगणं म्हणजे स्पॉयलर. 'बिघडवणारा' असाच या इंग्रजी शब्दाचा अर्थ. म्हणजे शेवट सांगितल्याने अनुभव बिघडतो, हे या शब्दातच गृहीत धरलेलं आहे.

सिनेमाबद्दलची प्रत्येक माहिती मात्र स्पॉयलर नसते. कलाकार कोण, विषय काय, गोष्ट कुठे घडते, हे तर जाहिरातीच सांगतात. खून कोणी केला, कोण मरतं, मित्र म्हणवणारा शत्रू निघतो का, ही माहिती वेगळ्या जातीची. ती दिग्दर्शकाने मुद्दाम लपवून ठेवलेली असते आणि ठरलेल्या क्षणीच प्रेक्षकाच्या हाती द्यायची असते.

अशी माहिती जपण्याची धडपड जुनी आहे. अगाथा ख्रिस्ती यांचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. प्रयोग संपल्यावर 'खुनी कोण ते बाहेर सांगू नका' अशी विनंती प्रेक्षकांना करण्याची त्याची प्रथा प्रसिद्ध आहे. १९६० मध्ये आल्फ्रेड हिचकॉकने 'सायको' प्रदर्शित करताना सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियम थिएटरांना घालून दिला होता.

जिथे शेवट सगळ्यांनाच माहीत असतो

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसरे यांचं गाव. तिथे त्यांची समाधी आहे. कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह ज्या घाटाने कोकणात उतरवला, त्याला त्यावरूनच 'मढे घाट' म्हणतात, असं परंपरा सांगते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री काय झालं, हे या परिसरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

तरीही याच एका रात्रीवर शंभर वर्षांत निदान चार मोठे चित्रपट निघाले. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' हा मूकपट १९२३ मध्ये आला. १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी 'सिंहगड' हा बोलपट केला. १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी: द अनसंग वॉरियर' प्रदर्शित झाला. २५ ऑगस्ट २०२३ रोजी दिग्पाल लांजेकर यांचा 'सुभेदार' आला.

शांताराम यांचा चित्रपट हरी नारायण आपटे यांच्या ज्या कादंबरीवर आधारलेला होता, तिचं नावच 'गड आला पण सिंह गेला' असं आहे. म्हणजे शेवट थेट मुखपृष्ठावर. आजच्या भाषेत सांगायचं तर लेखकाने स्वतःच स्पॉयलर दिला. पण त्यामुळे कादंबरी वाचायची कुणी थांबलं नाही आणि 'तान्हाजी'चं तिकीट काढायलाही कुणी कचरलं नाही. २०२० मधला सर्वाधिक कमाईचा हिंदी चित्रपट तोच ठरला आणि त्यातल्या भूमिकेसाठी अजय देवगण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालं की वाटेत प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ची अफझलखान भेट याच गडाच्या पायथ्याशी झाली. त्या भेटीवर लांजेकर यांचा 'शेर शिवराज' २२ एप्रिल २०२२ रोजी आला. त्याआधी दोनच महिने, १८ फेब्रुवारीला, बाजीप्रभूंच्या बलिदानावरचा त्यांचा 'पावनखिंड' प्रदर्शित झाला होता. खान मरणार आणि बाजीप्रभू पडणार, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणखी एक उदाहरण 'छावा'चं. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर झाला. हा गड महाड तालुक्यात आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये महाराज संगमेश्वर इथे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारलं. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा शेवटी काय होणार, हे मराठी प्रेक्षकाला माहीत नव्हतं असं म्हणताच येणार नाही. शिवाजी सावंत यांची ज्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे, ती कितीतरी वर्षं घराघरात वाचली जात होती. तरी शेवटचा प्रसंग पाहून रडणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ आठवडाभर सोशल मीडियावर फिरत राहिले.

या चित्रपटावरून वाद झाला, तोही शेवटावरून झाला नाही. ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दाखवले होते. त्यावर आक्षेप आल्यावर दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. शेवट ठरलेला असला की प्रेक्षकाचं सगळं लक्ष 'कसं दाखवलं' याकडे लागतं, हे त्यातून दिसतं.

हीच गोष्ट महाड शहराबाबतही खरी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात हा सत्याग्रह येतो. तो प्रसंग पाहताना 'आता पाणी पितील की नाही' असा प्रश्न कुणाच्याच मनात नसतो. तरी अंगावर काटा येतो. पुढे काय होणार, याच्या उत्सुकतेशी त्या काट्याचा संबंध नसतो.

आपल्याकडे शेवट कधी गुपित नव्हताच

मराठी माणसाने गोष्टी ऐकल्या त्या मुख्यतः कीर्तनात, पोवाड्यात, भारुडात आणि खेळात. या सगळ्या प्रकारांत शेवट आधीच ठाऊक असतो.

नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. आख्यान हरिश्चंद्राचं असेल तर तारामतीचं काय होतं, हे ऐकणाऱ्या आजीला बुवांइतकंच माहीत असतं. तरी ती दरवर्षी त्याच ठिकाणी डोळे पुसते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या दशावतारात कथानक पुराणातलं असतं, त्यामुळे राक्षस मरणार हे ठरलेलं. पण संवाद लिहून दिलेले नसतात. नट ते रंगमंचावरच रचतात, त्यामुळे तेच नाटक दुसऱ्या गावी वेगळं रंगतं. सिंहगडच्या लढाईवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला, तोही शेवट लपवून नव्हे.

संस्कृत नाटकात तर प्रस्तावनेतच सूत्रधार येऊन आज कोणतं नाटक आणि कुणाचं, ते सांगून टाकतो. शकुंतलेची गोष्ट महाभारतात आहे, हे प्रेक्षकांना माहीतच असायचं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाला काय मिळतं, याचं उत्तर 'रस' असं आहे. शृंगार, करुण, वीर, भयानक असे आठ रस त्यात सांगितले आहेत. करुण रस अनुभवायला शेवट अज्ञात असावा लागतो, अशी अट नाट्यशास्त्र घालत नाही.

पोलादपूरशी जोडलेलं आणखी एक उदाहरण इथे आठवतं. 'शिवभारत' हे शिवाजी महाराजांवरचं संस्कृत काव्य रचणारे कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात दाखवली जाते. हे काव्य अपूर्णच राहिलं. त्याला शेवटच नाही. तरी साडेतीनशे वर्षांनंतरही ते वाचलं जातं, कारण वाचणाऱ्याला त्यात शेवटाखेरीज बरंच काही मिळतं.

संशोधन काय सांगतं?

या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत.

सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतला आहे. जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ८१९ जणांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काही कथा धक्कादायक वळणाच्या होत्या, काही रहस्यकथा आणि काही निव्वळ साहित्यिक. काहींना कथा जशीच्या तशी दिली, तर काहींना आधी शेवट सांगणारा परिच्छेद वाचायला दिला. निकाल उलटा लागला. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. रहस्यकथांमध्येही तसंच दिसलं.

असं का व्हावं? या दोघांनी २०१३ मध्ये त्याचं स्पष्टीकरण शोधलं. शेवट माहीत असला की कथा समजायला सोपी जाते, बारकाव्यांचा अर्थ लागत जातो आणि हा सहजपणाच आनंद देतो, असं त्यांना दिसलं. 'हा माणूस असं का बोलला?' या प्रश्नावर डोकं खर्च होत नाही. उलट 'म्हणून तो असं बोलला तर!' असं जागोजागी वाटत राहतं.

या निष्कर्षाला लगेच आव्हान मिळालं. बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझनबॉम यांनी ४१२ विद्यार्थ्यांवर तसाच प्रयोग केला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना उलट चित्र दिसलं. ज्यांना शेवट माहीत नव्हता, त्यांना कथा जास्त रंजक आणि उत्कंठा वाढवणाऱ्या वाटल्या. पुढच्या अभ्यासात त्यांनी वाचकाच्या स्वभावाकडे पाहिलं. ज्यांना तीव्र भावना अनुभवायला आवडतात, त्यांना शेवट न सांगितलेल्या कथा जास्त भावल्या. कोडी सोडवण्याची फारशी हौस नसलेल्यांचा कल शेवट माहीत असलेल्या कथांकडे होता.

या प्रयोगांना एक मोठी मर्यादा आहे. ते लघुकथांवर झाले, सिनेमावर नाही. शिवाय त्या कथा वाचकांनी स्वतः निवडलेल्या नव्हत्या. वर्षभर वाट पाहिलेला आवडत्या हिरोचा सिनेमा आणि संशोधकाने हातात ठेवलेली कथा यांत फरक आहेच. त्यामुळे 'स्पॉयलरने काही बिघडत नाही असं विज्ञानाने सिद्ध केलं' अशी पोस्ट दिसली तर ती अर्धवट समजावी.

तिसरा अभ्यास थेट सिनेमाच्या कमाईवर आहे. २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये आलेल्या या अभ्यासात २०१३ ते २०१७ मधल्या अमेरिकी चित्रपटांचे ऑनलाइन अभिप्राय आणि रोजची तिकीटविक्री ताडून पाहिली होती. ज्या चित्रपटांच्या अभिप्रायांत कथानक जास्त उघड केलेलं होतं, त्यांच्या कमाईशी त्याचा संबंध नुकसानीचा न दिसता फायद्याचा दिसला. मोजक्या थिएटरांत लागलेल्या आणि जाहिरातीवर कमी खर्च झालेल्या चित्रपटांत हा परिणाम जास्त होता. संशोधकांचं म्हणणं असं की नवखा सिनेमा पाहावा की नाही, अशा संभ्रमात असलेल्या प्रेक्षकाला त्या माहितीने निर्णय घेता येतो. जाहिरातीला फारसे पैसे नसलेले मराठी सिनेमे पाहणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. मित्राने गोष्ट सांगितली म्हणून कितीतरी जण असा सिनेमा पाहायला जातात.

माहीत असूनही छातीत धडधड का होते?

मानसशास्त्रात याला उत्कंठेचा विरोधाभास म्हणतात. उत्कंठेला अनिश्चितता लागते, असं आपण मानतो. मग कोंढाण्याचा कडा चढणारे मावळे पाहताना श्वास का रोखला जातो?

रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर एक साधी युक्ती वापरली. सगळ्यांना माहीत असलेल्या घटना, उदाहरणार्थ जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, ही त्यांनी दोन तऱ्हांनी लिहिली. एकीत नुसती हकीकत होती. दुसरीत आता ते होतात की नाही, अशी शंका उभी केली होती. नंतर 'हे घडलं, खरं की खोटं?' असं विचारल्यावर उत्कंठेचा मजकूर वाचलेल्यांना खरं उत्तर द्यायला जास्त वेळ लागला. म्हणजे गोष्टीत शिरलेलं मन आधीची माहिती क्षणभर बाजूला ठेवतं.

हिचकॉकने हाच मुद्दा बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता. दोन माणसं टेबलापाशी गप्पा मारत आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. पहिला प्रकार धक्क्याचा, दुसरा उत्कंठेचा. दुसऱ्यासाठी प्रेक्षकाला माहिती असणं गरजेचं असतं.

मालुसऱ्यांची गोष्ट याच जातीची आहे. घरात रायबाचं लग्न काढलेलं आणि बाप म्हणतो, आधी लग्न कोंढाण्याचं. ऐकणाऱ्याला माहीत असतं की हा माणूस मुलाच्या लग्नाला परत येणार नाही. तानाजींना ते माहीत नसतं. शेवट ठाऊक नसलेल्या माणसासाठी हा प्रसंग म्हणजे नुसता जोरदार संवाद. ठाऊक असलेल्यासाठी तो निरोप आहे.

मग नुकसान कोणत्या सिनेमांचं होतं?

सगळ्या सिनेमांना एकच माप लावता येत नाही. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला, 'कोण?' विचारणारे सिनेमे. खून कोणी केला, यावर ज्यांचा सगळा डोलारा उभा असतो, ते. राजीव राय यांचा 'गुप्त' हे त्याचं ठळक उदाहरण. त्यातली खुनी काजोल यांनी रंगवलेली नायिका निघते. या भूमिकेसाठी काजोल यांना खलभूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणारी ती पहिली महिला ठरली. गंमत म्हणजे ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता, त्यांच्यासाठी पुरस्काराची बातमी हाच स्पॉयलर होता. अशा सिनेमात प्रेक्षक दोन-अडीच तास संशय घेत बसलेला असतो. उत्तर आधीच दिलं की त्याचा खेळच काढून घेतला जातो. इथे शेवट सांगणं हा खरा अन्याय आहे.

दुसरा, 'कसं?' विचारणारे सिनेमे. इतिहासपट, चरित्रपट, पौराणिक कथा, गाजलेल्या नाटकांवरचे चित्रपट. वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आलं. त्यावरचा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी लागला तेव्हा गणपतराव बेलवलकरांचं पुढे काय होतं, हे बऱ्याच जणांना माहीत होतं. लोक नाना पाटेकर ते कसं करतात हे पाहायला गेले.

तिसरा प्रकार मधला. यात धक्का असतो, पण सिनेमा त्या धक्क्यापाशी संपत नाही. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. त्याचा शेवट पहिल्यांदा पाहणाऱ्याला सुन्न करतो. तो आधी कळला तर पहिल्या वेळचा तो सुन्नपणा जातो, हे मान्यच करावं लागेल. पण अनेकांनी तो दोनदा-तीनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना पूर्वार्धातली गाणी आणि थट्टामस्करी वेगळीच दिसते, कारण ती कुठे जाऊन पोचणार हे प्रेक्षक जाणून असतो. २०१८ मध्ये आलेल्या 'धडक' या हिंदी रूपांतरात शेवट जसाच्या तसा ठेवलेला नाही.

'दृश्यम २' हे याच प्रकारातलं आणखी एक उदाहरण. मूळ मल्याळम चित्रपट फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला. हिंदी आवृत्ती थिएटरात लागली ती १८ नोव्हेंबर २०२२ रोजी. मधल्या पावणेदोन वर्षांत ज्याला शेवट जाणून घ्यायचा होता, त्याला तो एका क्लिकवर मिळत होता. तरी हिंदी चित्रपटाने २०० कोटींहून अधिक कमाई केली.

शेवट सांगणं आणि क्लिप टाकणं यात फरक आहे

सोशल मीडियावर या दोन गोष्टींची गल्लत होते. कायद्याने मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत.

सिनेमा पाहून आल्यावर त्याची गोष्ट किंवा शेवट शब्दांत सांगणं, त्यावर मत लिहिणं हा गुन्हा नाही. ते फार तर असभ्य ठरेल. थिएटरात चालू सिनेमा मोबाईलवर चित्रित करणं हा मात्र गुन्हा ठरू शकतो. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगीशिवाय चित्रपटाची बेकायदा प्रत बनवण्याच्या किंवा ती प्रसारित करण्याच्या हेतूने थिएटरात चित्रीकरण केल्यास ३ महिने ते ३ वर्षं कैद होऊ शकते. दंड किमान ३ लाख रुपये असून तो चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे 'फक्त शेवटची दोन मिनिटं स्टेटसला टाकली' ही सबब सुरक्षित नाही. स्वतः चित्रीकरण न करता आलेली क्लिप पुढे ढकलणाऱ्यानेही कॉपीराइट कायदा लक्षात ठेवलेला बरा. सिनेमा आवडला हे सांगायचं असेल तर तिकिटाचा, पोस्टरचा किंवा थिएटरबाहेरचा फोटो पुरेसा आहे.

स्पॉयलरपासून वाचायचं कसं, आणि दुसऱ्याला वाचवायचं कसं?

ज्यांना पहिल्याच आठवड्यात सिनेमा पाहता येत नाही, त्यांना काही साध्या गोष्टी करता येतात.

• व्हॉट्सॲपवर जे हमखास थिएटरमधले व्हिडिओ टाकतात, त्यांचे स्टेटस सिनेमा पाहून होईपर्यंत म्यूट करावेत. समोरच्याला ते कळत नाही.

• एक्सवर ठरावीक शब्द म्यूट करता येतात. सिनेमाचं आणि मुख्य पात्राचं नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत टाकावं.

• यूट्यूबवर सिनेमाचं नाव शोधू नये. व्हिडिओच्या मुखचित्रावरच काही वेळा शेवट असतो.

• कंपनीच्या कॅन्टीनमध्ये किंवा बसमध्ये 'मी अजून पाहिला नाही' असं आधीच सांगून टाकावं. बहुतेक माणसं ऐकतात.

ज्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्यांच्यासाठीही काही संकेत आहेत.

• पोस्टच्या पहिल्या ओळीत 'पुढे शेवट सांगितला आहे' असं लिहावं आणि मग काही ओळी मोकळ्या सोडाव्यात.

• टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवता येतो. ज्याला वाचायचा आहे, तो बोट लावून उघडतो.

• 'शेवटी असा धक्का बसतो ना!' हेसुद्धा अर्धं स्पॉयलरच आहे. असं ऐकलेला माणूस सिनेमाभर धक्क्याचीच वाट पाहत बसतो.

• रहस्यपट असेल तर पहिले काही आठवडे गप्प बसावं. इतिहासपट असेल तर शेवटावर बोलायला हरकत नाही, पण दिग्दर्शकाने तो कसा घेतला आहे ते न पाहिलेल्यांसाठी राखून ठेवावं.

थोडक्यात सांगायचं तर

शेवट आधी कळल्याने पहिल्या वेळचा धक्का जातो, आणि गेलेला धक्का परत मिळत नाही. जो सिनेमा फक्त त्या धक्क्यावर उभा असतो, त्याचं यात मोठं नुकसान होतं. पण धक्का हा सिनेमा पाहण्यातल्या आनंदाचा एकच भाग आहे. अभिनय, संगीत, एखाद्या माणसाबद्दल वाटलेली काळजी, आपल्या गावाचं नाव पडद्यावर ऐकल्यावर आलेलं भरतं, हे शेवट कळल्याने जात नाही. उलट काही वेळा वाढतं.

म्हणून स्टेटसमध्ये शेवट पाहिलेल्या त्या कामगाराने तिकीट काढण्याआधी एकच गोष्ट पाहावी. हा सिनेमा 'कोण?' विचारतो की 'कसं?' विचारतो? 'कोण?' विचारत असेल आणि उत्तर कळलं असेल, तर महिना-दोन महिने थांबून ओटीटीवर पाहिला तरी चालेल. 'कसं?' विचारत असेल तर सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन खुशाल जावं. उमरठच्या समाधीपाशी हात जोडणाऱ्या प्रत्येकाला कोंढाण्यावर काय झालं ते माहीत असतं, आणि तरी तानाजींची गोष्ट तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते.